फ्रान्सचा शिपाई, फिजीचा सातबारा: रातू सुकुना यांच्या भन्नाट आयुष्यातल्या गोष्टी

1915 च्या जानेवारीत फ्रान्सच्या 'फॉरेन लीजन' या परदेशी सैनिकांच्या पलटणीत एक नवा शिपाई भरती झाला. वय 26. शिक्षण ऑक्सफर्डमध्ये चालू. घर दक्षिण पॅसिफिक महासागरातल्या फिजी बेटांवर आणि घराणं तिथल्या बड्या सरदारांचं. आधी तो ब्रिटिश सैन्याकडेच गेला होता, कारण फिजी ब्रिटिशांची वसाहत होती आणि तो त्यांचाच प्रजाजन. पण रंग आडवा आला. गोऱ्यांच्या रेजिमेंटमध्ये सावळ्या माणसाला जागा नाही, असं उत्तर मिळालं. फ्रेंचांच्या लीजनला माणूस कुठला, कोण, याच्याशी देणंघेणं नव्हतं. त्याच वर्षी सप्टेंबरात शाम्पान्यच्या आघाडीवर तो जखमी झाला आणि फ्रान्सनं त्याला 'मेदाय मिलितेर' हे शौर्यपदक दिलं.

हा शिपाई म्हणजे रातू सर जोसेफा लालाबालावू सुकुना. जन्म 22 एप्रिल 1888, मृत्यू 30 मे 1958. 'रातू' ही सरदार पुरुषाच्या नावाआधी लागणारी पदवी. लोक त्यांना 'लाला सुकुना' म्हणत. 'लाला' पाहून कुणाला पंजाब आठवेल, पण ते लालाबालावूचं छोटं रूप आहे. कारकून, शिक्षक, शिपाई, बॅरिस्टर, जमीन आयुक्त, जिल्ह्याचे अधिकारी, कायदेमंडळाचे सभापती: एका माणसाच्या आयुष्यात किती नोकऱ्या मावाव्यात, याचा हा नमुना. आजचं फिजी समजून घ्यायचं असेल, तर या माणसाला वगळून चालत नाही. त्यांचं सगळंच पटतं असं नाही, पण त्यांच्या कामाचा आवाका पाहून थक्क व्हायला होतं.

आजोबा फासावर, नातू सरकारदरबारी

सुकुनांचा जन्म म्बाऊचा. विती लेवू या मोठ्या बेटाच्या पूर्व किनाऱ्याला लागून असलेलं हे बेट जेमतेम 8 हेक्टरांचं, म्हणजे 20 एकरांचं. आपल्याकडे एखाद्या सधन शेतकऱ्याची जमीन असते तेवढं! पण एकोणिसाव्या शतकात फिजीचं अर्धंअधिक राजकारण इथून चालायचं. म्बाऊचा राजा थाकोम्बाऊ हा त्या काळचा सर्वांत बलाढ्य सरदार.

या थाकोम्बाऊचा भाऊबंद आणि कट्टर प्रतिस्पर्धी होता रातू मारा कापाईवाई. भाऊबंदकी शेवटी 1859 मध्ये फासावर संपली. थाकोम्बाऊनं माराला म्बाऊवरच फाशी दिलं. हा मारा म्हणजे सुकुनांचे सख्खे आजोबा. पुढे 10 ऑक्टोबर 1874 ला लेवुका इथं थाकोम्बाऊ आणि इतर सरदारांनी फिजी ब्रिटिशांच्या स्वाधीन केलं. माराचा मुलगा, म्हणजे सुकुनांचे वडील रातू जोने मान्द्राईविवी, त्याच ब्रिटिश सरकारात अधिकारी झाले. बंडखोराच्या घरात तिसऱ्या पिढीला साम्राज्याचा सर्वांत विश्वासू फिजियन जन्माला यावा, हे कादंबरीकाराला सुचलं असतं तर आपण त्याला ओढूनताणून जुळवलेलं म्हटलं असतं.

आईच्या माहेरची ताकद

फिजीत भाच्याचा मामाच्या घरावर मोठा हक्क असतो. त्याला 'वासू' म्हणतात. बड्या घरची मुलगी दुसऱ्या राज्यात दिली, की तिच्या मुलाला आजोळच्या मुलखात मान आपोआप मिळतो. सुकुनांची आई आदी लितियाना माओपा पूर्वेकडच्या लाऊ बेटांमधली, लाकेम्बाच्या राजघराण्यातली. ('आदी' ही सरदार स्त्रीची पदवी.) त्यामुळे पोराला एका बाजूनं म्बाऊ आणि दुसऱ्या बाजूनं लाऊ, असा दुहेरी आधार मिळाला. त्यांच्या पुढच्या कारकिर्दीत हा आधार त्यांच्या ऑक्सफर्डच्या पदवीइतकाच कामी आला, असं मला वाटतं.

शिकवणी, न्यूझीलंड, मग ऑक्सफर्ड

वडिलांनी मुलासाठी चार्ल्स अँड्र्यू नावाचे एक पाद्री घरगुती शिक्षक म्हणून ठेवले. मग न्यूझीलंडचं वांगानुई कॉलेजिएट स्कूल. 1907 मध्ये परत येऊन सरकारी कारकून. नंतर लाऊच्या शाळेत शिक्षक. 1913 मध्ये ऑक्सफर्डच्या वॉडम कॉलेजात इतिहासाचे विद्यार्थी. मध्येच महायुद्ध आलं आणि पुस्तकं मिटली.

एकदा नव्हे, दोनदा

जखमी होऊन, पदक छातीवर लावून माणूस घरी आला, की पुन्हा त्या वाटेला जाणार नाही, असं कुणालाही वाटेल. सुकुना 1916 मध्ये फिजीत परतले, त्यांचं वीराला साजेसं स्वागत झालं, आणि 1917 मध्ये ते परत युरोपला निघाले. या वेळी सोबत सुमारे शंभर फिजियन तरुण होते. ब्रिटिश त्यांना लढू द्यायला अजूनही तयार नव्हते, म्हणून ही तुकडी मजुरांची म्हणून गेली. कॅलेच्या बंदरात आणि पुढे इटलीतल्या तारांतोला त्यांनी जहाजांवरचा माल चढवला-उतरवला. दोन वर्षांपूर्वीचा शूर शिपाई आता हमालांच्या तुकडीबरोबर. सुकुनांनी त्यात कमीपणा मानला नाही. साम्राज्याच्या हाकेला फिजी धावून गेलं, याची नोंद व्हावी हे त्यांना महत्त्वाचं वाटत होतं.

युद्ध संपल्यावर ते परत ऑक्सफर्डला गेले, पदवी पुरी केली, मिडल टेंपलमधून बॅरिस्टर झाले. 1921 मध्ये हे सगळं हातात घेऊन ते मायदेशी आले. विद्यापीठाची पदवी मिळवणारे ते पहिले फिजियन आणि पहिले फिजियन वकीलही.

ज्या वर्षी ते परतले

इथं जरा थांबायला हवं, कारण 1921 हे साल साधं नव्हतं.

ब्रिटिशांच्या ताब्यात गेल्यावर काही महिन्यांतच, 1875 मध्ये, फिजीत गोवर आला. सिडनीची भेट आटोपून थाकोम्बाऊ ज्या ब्रिटिश युद्धनौकेनं परतले, तिच्यातूनच तो आला. बेटांवर हा आजार कुणी पाहिलेलाच नव्हता. सुमारे 40 हजार माणसं गेली, म्हणजे अंदाजे चौथा हिस्सा लोकसंख्या. घराघरांत सगळेच आजारी, पाणी द्यायला उठणारं कुणी नाही, अशी अवस्था. त्यातून सावरतायत तोवर 1918 मध्ये 'ताल्यून' नावाच्या जहाजातून इन्फ्लुएंझा आला आणि काही आठवड्यांत आणखी हजारो गेले. 1921 च्या जनगणनेत मूळ फिजियन उरले होते साधारण 84 हजार. ही जमात आता संपणार, असं त्या काळचे गोरे अधिकारी उघडपणे लिहीत होते.

सुकुना बॅरिस्टरीची सनद घेऊन नेमके त्या वर्षी बोटीतून उतरले. त्यांच्या पुढच्या साऱ्या धोरणात जी टोकाची काळजी, जो जुन्याला धरून राहण्याचा हट्ट दिसतो, त्याचं मूळ माझ्या मते इथं आहे. ज्याच्या डोळ्यांपुढे आपले लोक मरून कमी होत चालले आहेत, तो आधी कुंपण घालतो आणि मग बागेचा विचार करतो.

चटईवर भरणारं कोर्ट

आता त्यांच्या आयुष्यातलं सर्वांत मोठं काम. 'नेटिव्ह लँड्स कमिशन', फिजियन भाषेत 'वेइतारोंगी वानुआ': जमिनीची चौकशी.

फिजीत जमीन एकेका माणसाच्या नावावर नसते. ती 'मातांगाली' नावाच्या कुळाची असते. पण कुठल्या कुळाची कुठली जमीन, हद्द कुठल्या ओढ्यापर्यंत, हे कागदावर कुठे होतं? कुठेच नव्हतं. होतं ते म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी. आमचा मूळपुरुष अमुक डोंगरावरून उतरला, तमुक ठिकाणी पहिलं घर बांधलं, मग लढाई झाली, मग आम्ही इथं आलो, ही झाड दाखवून सांगायची हद्द. या कहाण्यांना 'तुकुतुकु राराम्बा' म्हणतात.

कमिशन गावोगावी जायचं. फिजीत तीनशेच्या वर बेटं, त्यातल्या शंभरावर वस्ती. होडी, घोडा, आणि जिथं दोन्ही चालत नाहीत तिथं पाय. गावात पोचल्यावर आधी मान द्यायचा-घ्यायचा विधी: यांगोना नावाच्या झुडपाची मुळं पुढे ठेवायची. मग विणलेल्या चटयांवर सगळे मांडी घालून बसणार. मधे 'तानोआ' हे लाकडी, पायांचं मोठं पात्र. त्यात मुळांची पूड पाण्यात कालवून केलेलं, मातकट रंगाचं, जिभेला बधिर करणारं पेय. नारळाच्या करवंटीची वाटी मानाच्या क्रमानं फिरणार. पिणाऱ्यानं ती एका दमात रिकामी करायची आणि बाकीच्यांनी ओंजळ पोकळ ठेवून टाळ्या द्यायच्या, म्हणजे घुमदार आवाज निघतो. हे झालं की मग कुळाचा वडीलधारा बोलायला लागणार. समोर मिडल टेंपलचा बॅरिस्टर बसलेला, पण भाषा फिजियन आणि बसण्याची रीतही फिजियन.

सुकुनांच्या जागी एखादा गोरा अधिकारी असता, तर त्याला दुभाष्या लागला असता. त्यानं हे काम केलंच नसतं असं नाही, सुकुनांच्या आधी गोऱ्या आयुक्तांनीही हे काम केलं होतं. पण कहाणी सांगताना म्हातारा कुठे चाचरला, कुठल्या पराभवावरून घाईनं पुढे सरकला, कुठल्या पूर्वजाचं नाव त्यानं मुद्दाम गाळलं, हे ओळखायला तीच परंपरा अंगात मुरलेली असावी लागते. दोन कुळांची भांडणं, तीन पिढ्यांचे रुसवे, सासुरवाडीनं दिलेली आणि नंतर परत मागितलेली जमीन, असं सगळं त्यांच्यापुढे यायचं. त्यांनी वर्षानुवर्षं हे काम केलं.

या कामातून जमिनीच्या हद्दींच्या नोंदी झाल्या आणि त्या जमिनींवर हक्क असलेल्या माणसांची वहीही झाली. तिचं नाव 'वोला नी कावा म्बुला'. मूळ फिजियन मूल जन्मलं की त्याचं नाव कुळाच्या खाली या वहीत चढतं. ही पद्धत आजही चालू आहे. सातबाऱ्यावर नाव लागण्याला आपल्या गावाकडे जे मोल असतं, तेच मोल तिथं या वहीतल्या नावाला आहे. मात्र तिथं नाव व्यक्तीचं असलं तरी जमीन कुळाची राहते.

विकायची नाही, पण पडूही द्यायची नाही

फिजीची जमीन विकायला बंदी घातली ती पहिल्या गव्हर्नरांपैकी सर आर्थर गॉर्डन यांनी, 1870 च्या दशकात. त्यामुळे देशातली 80 टक्क्यांहून जास्त जमीन मूळ रहिवाशांकडेच राहिली. वसाहतींच्या इतिहासात हे फार दुर्मीळ आहे. हवाई किंवा न्यूझीलंडच्या लोकांना विचारा.

पण नुसती राखलेली जमीन ऊस पिकवत नाही. भाड्यानं घेणारे शेतकरी एकेका कुळाकडे वेगळे जात होते. कुणाला जमीन मिळे, कुणाला नाही, कुणाकडून जास्त पैसे उकळले जात. सुकुनांनी तोडगा काढला: सगळ्या कुळांनी जमिनीचा कारभार एका विश्वस्त मंडळाकडे सोपवायचा. कुळाला स्वतःच्या पोटापाण्याला लागेल तेवढी राखीव ठेवायची आणि उरलेली, ज्याला कसायची आहे त्याला, ठरावीक मुदतीच्या भाडेपट्ट्यानं द्यायची. मालकी जाणार नाही, पण किल्ली मंडळाकडे.

ऐकायला सोपं वाटतं. पण ज्यांनी जमिनीसाठी पिढ्यान्‌पिढ्या रक्त सांडलं, त्यांना जाऊन 'तुमची जमीन सरकारच्या हाती द्या' हे सांगायचं होतं! सुकुना ते सांगत गावागावांत फिरले. त्यांचं म्हणणं स्पष्ट होतं: देशात दुसरेही राहतात, त्यांनाही जमीन लागते, आणि आपण वापरत नसलेली जमीन अडवून बसलो तर उद्या ती आपल्या हातून जाईल. 1936 मध्ये सरदारांच्या महापरिषदेनं त्यांचं म्हणणं मान्य केलं. 1940 मध्ये कायदा झाला आणि 'नेटिव्ह लँड ट्रस्ट बोर्ड' उभं राहिलं. नाव बदललं, तरी हे मंडळ आजही फिजीतल्या जमिनीचा कारभार पाहतं.

त्यांच्या सगळ्या कामांत हे मला सर्वांत धाडसाचं वाटतं. शाम्पान्यच्या खंदकापेक्षाही.

तीन पायांचं स्टूल

फिजी म्हणजे तीन पायांचं स्टूल, ही सुकुनांची आवडती उपमा. एक पाय फिजियनांची जमीन, दुसरा युरोपियनांचं भांडवल, तिसरा भारतीयांचे कष्ट. एक जरी पाय काढला तरी बसणारा पडणार. इतिहासकार डेरिक स्कार यांनी सुकुनांचं लेखन संपादित करून 1983 मध्ये पुस्तक काढलं, तेव्हा शीर्षकात हेच स्टूल ठेवलं.

आणि हा तिसरा पाय

तो भारतातून आला होता. 14 मे 1879 रोजी 'लिओनिदास' हे जहाज कलकत्त्याहून निघालेल्या मजुरांना घेऊन फिजीत पोचलं. 1916 पर्यंत 60 हजारांहून जास्त भारतीय पाच वर्षांच्या करारावर तिकडे गेले. 'अ‍ॅग्रीमेंट'चं त्यांच्या तोंडी झालं 'गिरमिट' आणि ते झाले 'गिरमिटिये'. बहुतेक आजच्या उत्तर प्रदेश-बिहारकडचे आणि दक्षिणेतले. उसाच्या मळ्यात त्यांचं जे झालं, ते वाचवत नाही.

ही प्रथा बंद करावी, असा ठराव 4 मार्च 1912 रोजी कलकत्त्याच्या मध्यवर्ती कायदेमंडळात मांडला तो आपल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी. सरकारी मतांच्या जोरावर तो पडला. पण वाफ कोंडून राहिली नाही. पाच वर्षांत भरती थांबली आणि 1 जानेवारी 1920 ला फिजीतले उरलेले करारही रद्द झाले. गोखले ते पाहायला राहिले नाहीत, 1915 मध्येच गेले. पण फिजीच्या इतिहासाच्या पानांवर पुण्याच्या या माणसाचं नाव पक्कं आहे.

करार सुटले, माणसं तिथंच राहिली आणि भाडेपट्ट्याच्या जमिनीवर ऊस लावू लागली. 1946 च्या जनगणनेत भारतीय वंशाचे लोक मूळ फिजियनांपेक्षा संख्येनं पुढे गेले. भारतीय पुढारी सगळ्यांना एकाच मतदार यादीत मत मागत होते. सुकुनांचा त्याला ठाम विरोध होता. आपले लोक संख्येत हरतील, या भीतीतून तो आला होता. भीती समजू शकते. पण त्या विरोधामुळे वंशवार मतदानाची जी घडी बसली, तिचं दुखणं फिजीनं पुढे अनेक दशकं भोगलं, हेही खरं.

रक्ताचा मोबदला

दुसऱ्या महायुद्धात सुकुना सैन्यभरतीला निघाले. गावोगावी त्यांचं सांगणं असं, की आधी आपलं रक्त सांडल्याशिवाय जग आपल्याला ओळखणार नाही. ज्यांना 1917 मध्ये बंदूक नाकारली गेली होती, त्यांना या वेळी ती मिळाली. फिजियन पलटणी सॉलोमन बेटांच्या जंगलात जपान्यांशी लढल्या आणि जंगलातल्या लढाईत त्यांचा दबदबा झाला.

त्यांतला एक कॉर्पोरल सेफानाइया सुकानाईवालू, याथाता बेटावरचा. 23 जून 1944, बूगनव्हिल बेट. त्यानं गोळ्यांच्या माऱ्यात सरपटत जाऊन दोन जखमी साथीदार मागे आणले. तिसऱ्याला आणायला गेला आणि स्वतःच जायबंदी झाला. आपण जिवंत आहोत तोवर हे लोक आपल्याला सोडून मागे हटणार नाहीत आणि सगळेच मरतील, हे त्याच्या लक्षात आलं. त्यानं शत्रूच्या मशीनगनसमोर अंग उचललं आणि मरण ओढवून घेतलं. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. हा मान मिळवणारा तो आजवरचा एकमेव फिजियन.

आज फिजीचं सैन्य आणि पोलीस दरवर्षी रग्बीचा जो प्रतिष्ठेचा सामना खेळतात, त्याच्या चषकाचं नाव 'सुकुना बोल' आहे. त्या दिवशी अर्धा देश मैदानात आणि उरलेला रेडिओ-टीव्हीपुढे असतो.

एकही निवडणूक नाही

1932 पासून कायदेमंडळात, पुढे त्याच सभागृहाचे पहिले सभापती, पण सुकुना आयुष्यात एकदाही निवडणुकीला उभे राहिले नाहीत. राहूच शकत नव्हते. मूळ फिजियनांना मतदानाचा हक्क मिळाला तो 1963 मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर पाच वर्षांनी. तोवर सरदारांच्या परिषदेनं नावं सुचवायची आणि गव्हर्नरनं निवडायची. सुकुनांना यात काही वावगं वाटत नव्हतं. सरदारानं पुढे चालावं आणि रयतेनं मागून, यावर त्यांचा मनापासून विश्वास होता.

57 वर्षांनी भरलेली गादी

लाऊ बेटांचा 'तुई लाऊ' हा किताब आधी टोंगाहून आलेल्या माआफू या पराक्रमी राजपुत्राकडे होता. तो 1881 मध्ये वारला आणि गादी रिकामी राहिली. 1938 मध्ये ती सुकुनांना दिली. सरकारी नोकर आणि गादीवरचा सरदार, दोन्ही एकाच वेळी. 1946 मध्ये ब्रिटिशांनी त्यांना 'सर' केलं.

डॉक्टर व्हायला निघालेला पंतप्रधान

कामिसेसे मारा हा लाऊच्या घराण्यातला तरुण, नात्यानं सुकुनांचा नातू लागणारा. न्यूझीलंडमध्ये ओटागोला डॉक्टरी शिकत होता आणि शिक्षण बरंच पुढे गेलं होतं. 1946 मध्ये सुकुनांनी त्याला कळवलं, की ते सोड, ऑक्सफर्डला जा आणि इतिहास शीक. कॉलेज कुठलं? वॉडमच, स्वतःचं. मारांना वैद्यकी सोडल्याचं मनापासून वाईट वाटलं. पण त्या समाजात अशा माणसाला 'नाही' म्हणायची रीत नव्हती.

10 ऑक्टोबर 1970 ला फिजी स्वतंत्र झालं तेव्हा पंतप्रधान होते रातू कामिसेसे मारा. सुकुनांनी हाताशी धरलेल्या पिढीतलेच रातू जॉर्ज थाकोम्बाऊ पुढे गव्हर्नर-जनरल झाले आणि रातू पेनाइया गानिलाऊ फिजीचे पहिले राष्ट्राध्यक्ष. म्हाताऱ्यानं माणसं नीट पारखली होती. पण एका तरुणाचं आयुष्य असं एका शब्दासरशी वळवणं मला आजही खटकतं.

ज्यांना त्यांचं पटलं नाही

1944 पासून सुकुनांनी फिजियनांसाठी वेगळा कारभार पक्का केला. वेगळं प्रशासन, वेगळे नियम, गावानं मिळून करायची सक्तीची कामं. गाव सोडून स्वतंत्र शेती करायची तर परवानगी हवी. हेतू समाज एकत्र राखण्याचा. पण कष्टाळू तरुणाला यात हात बांधल्यासारखे वाटत.

सुकुना गेल्यावर एका वर्षातच भूगोलतज्ज्ञ ऑस्कर स्पेट यांचा अहवाल आला. भारत आणि पाकिस्तानच्या भूगोलावर जाडजूड ग्रंथ लिहिणारे हेच ते स्पेट. त्यांनी सांगितलं, की माणसाला स्वतःच्या पायावर उभं राहू द्या, गावाचे जुने दोर सैल करा. पाठोपाठ सर अ‍ॅलन बर्न्स यांच्या आयोगानं याहून कडक शब्दांत तेच म्हटलं. 1960 च्या दशकात सक्तीची बरीच बंधनं गेली. जमिनीच्या भाड्यातला मोठा वाटा सरदारांना मिळायची पद्धत मात्र टिकली. 2011 पासून ते पैसे कुळातल्या सगळ्यांना सारखे वाटले जाऊ लागले. माझ्या मते टीकाकारांचं बरोबर होतं. कुंपण एका काळात लागतं आणि नंतर तेच वाढीच्या आड येतं. पण सुकुनांनी ते घातलं नसतं, तर आत राखायला काय उरलं असतं, हा प्रश्न टीकाकारांपैकी फार थोड्यांनी विचारला.

शेवटचा प्रवास

मे 1958. 'आर्केडिया' नावाच्या प्रवासी जहाजातून ते इंग्लंडला निघाले होते. हिंदी महासागरात, श्रीलंकेजवळ, 30 मे रोजी जहाजावरच त्यांनी प्राण सोडला. दफन झालं लाऊमधल्या लाकेम्बा बेटावर, तुम्बोऊ इथं, आईच्या माहेरी. 2004 मध्ये कामिसेसे मारांनाही तिथंच ठेवलं.

मे महिन्यातल्या दोन सुट्ट्या

सुकुनांच्या नावानं फिजीत मे अखेरीस सार्वजनिक सुट्टी असायची. 2010 मध्ये लष्करी सरकारनं ती बंद केली. सरदारांची महापरिषदही 2012 मध्ये बरखास्त झाली. 2022 च्या अखेरीस सरकार बदललं आणि 2023 च्या मे महिन्यात एकापाठोपाठ एक गोष्टी घडल्या. 14 मे रोजी, म्हणजे 'लिओनिदास' जहाज पोचलं त्या तारखेला, पंतप्रधान सितिवेनी राबुका यांनी 1987 च्या लष्करी उठावाबद्दल भारतीय वंशाच्या लोकांची माफी मागितली. तो उठाव त्यांनीच केला होता, आणि तोही 14 मे लाच. दुसऱ्या दिवशी देशानं पहिल्यांदा गिरमिट दिनाची सार्वजनिक सुट्टी पाळली. त्याच महिन्यात म्बाऊच्या त्या चिमुकल्या बेटावर सरदारांची महापरिषद पुन्हा भरली, आणि महिनाअखेर रातू सुकुना दिनाची सुट्टीही परतली.

कधी फिजीला जायचा योग आला, तर मे महिना निवडा. राजधानी सुवात सरकारी इमारतींपुढे सुकुनांचा पुतळा आहे, तो जरूर पाहा. आणि कुणी यांगोनाची वाटी पुढे केली, तर एका दमात प्या.